एका आकड्यातल्या दोन साक्षी

प्रस्तावना

मुंबईच्या अपोलो बंदरावर समुद्राच्या पातळीची नोंद १८७८ पासून आहे. आशियातल्या जुन्या नोंदींमध्ये तिची गणना होते. ॲमस्टरडॅमची नोंद १७०० पर्यंत मागे जाते. त्याआधी कोणी काठावर पट्टी रोवून समुद्र मोजत बसल्याचे आपल्या हाती फारसे काही नाही. तरीही भूविज्ञानाचे कोणतेही पुस्तक उघडले की त्यात ठाम विधाने भेटतात. वीस हजार वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा १२० ते १३० मीटर खाली होता. सव्वा लाख वर्षांपूर्वी तो आजच्यापेक्षा काही मीटर वर होता. पाच लाख वर्षांपूर्वी, दहा लाख वर्षांपूर्वी तो कसा खालीवर होत होता, त्याचा वळणदार आलेखही तिथे असतो. हे सारे कळले कसे, हा या पुस्तकाचा विषय आहे. या ज्ञानाचा मोठा वाटा समुद्री जीवांच्या चुन्याच्या कवचांमधून आलेला आहे. कवचातल्या ऑक्सिजनच्या दोन स्थिर समस्थानिकांचे गुणोत्तर मोजून तो मिळवलेला आहे.

एक गोष्ट मात्र आधीच स्पष्ट केलेली बरी. कवचात समुद्राची पातळी लिहिलेली नसते. कवचातून निघतो तो एक आकडा, आणि त्या आकड्यात दोन साक्षी एकमेकींत मिसळलेल्या असतात: कवच बनताना पाणी किती गरम होते ही एक, आणि त्या वेळी जमिनीवर किती बर्फ साठलेला होता ही दुसरी. यांतली दुसरी साक्ष वेगळी काढता आली तरच समुद्रपातळी कळते. गेली सत्तर वर्षे या क्षेत्रातल्या माणसांनी जी धडपड केली ती मुख्यतः ही फोड करण्यासाठी. विज्ञानाविषयीच्या लोकप्रिय लेखनात नेमकी हीच पायरी गाळली जाते. आलेख तयार होऊनच समोर येतो, आणि वाचकाला तो मानायचा किंवा नाकारायचा एवढेच उरते. मला हा वाचकावरचा अन्याय वाटतो. आकडा कुठे पक्का आहे आणि कुठे डळमळीत, हे ज्याला कळते त्यालाच तो खऱ्या अर्थाने मिळालेला असतो.

मुळापासून सुरुवात करू. ऑक्सिजनचा अणू बहुतेक वेळा १६ वजनाचा असतो. साधारण पाचशे अणूंमागे एक १८ वजनाचा सापडतो. त्याच्या केंद्रकात दोन न्यूट्रॉन जास्त असतात. १७ वजनाचाही एक प्रकार आहे, पण तो फारच विरळ, आणि इथे त्याचे काम नाही. रासायनिक वागणुकीत या भावंडांमध्ये जवळजवळ फरक नाही. फरक आहे तो वजनाचा. ‘स्थिर’ हे विशेषणही नीट लक्षात घ्यायला हवे. कार्बन-१४ ठराविक वेगाने ऱ्हास पावतो, म्हणून तो वय सांगतो. ऑक्सिजन-१६ आणि ऑक्सिजन-१८ यांचा ऱ्हास होत नाही. लाखो वर्षांपूर्वी कवचात जे गुणोत्तर बंदिस्त झाले ते, कवच शाबूत असेल तर, आजही तेच असते. हा त्यांचा गुण, आणि याच गुणामुळे ते वय मुळीच सांगू शकत नाहीत. वय दुसरीकडून आणावे लागते.

समुद्रावरून वाफ उठते तेव्हा हलके रेणू जरा सहज सुटतात, जड मागे रेंगाळतात. ढगातून पाऊस पडताना याच्या उलट: जड रेणू आधी खाली येतात. उष्ण कटिबंधाकडून ध्रुवाकडे निघालेली हवा वाटेत पाऊस पाडत जाते, आणि दर पावसागणिक उरलेली वाफ अधिकाधिक हलकी होते. डेन्मार्कचे विली डान्सगार्ड यांनी १९५२ च्या जूनमध्ये कोपनहेगनमधल्या आपल्या बागेत बिअरच्या बाटलीवर नरसाळे ठेवून पावसाचे नमुने गोळा केले आणि मोजले. गार ढगातला पाऊस ऑक्सिजन-१८ च्या बाबतीत हलका निघाला. त्या बाटलीतून पुढे ध्रुवीय बर्फाच्या अभ्यासाची सारी शाखा उभी राहिली. आज आपल्याला माहीत आहे की ग्रीनलंडच्या माथ्यावरच्या बर्फात जड ऑक्सिजन समुद्राच्या मानाने हजारात ३० ते ४० भागांनी कमी असतो, आणि पूर्व अंटार्क्टिकाच्या पठारावर ५० किंवा त्याहूनही अधिक भागांनी.

आता एक हिशेब वाचकाने स्वतः करून पाहावा, कारण पुढचे सगळे त्याच्यावर उभे आहे. महासागराची सरासरी खोली सुमारे ३७०० मीटर. गेल्या हिमयुगाच्या शिखरावर त्यातले १२५ मीटर पाणी उत्तर अमेरिका आणि उत्तर युरोपवर बर्फ होऊन बसले, असे धरू. म्हणजे शंभरातले साडेतीन भागसुद्धा नाहीत. हा बर्फ समुद्रापेक्षा हजारात सरासरी ३० भागांनी हलका असेल, तर मागे उरलेला समुद्र हजारात जवळजवळ एका भागाने जड होणार. हिशेब संपला. बर्फ वाढला की समुद्र उतरतो आणि उरलेले पाणी जड होते. बर्फ वितळला की समुद्र चढतो आणि पाणी हलके होते. समुद्र जगभर ढवळला जातो, त्यामुळे हजार-दोन हजार वर्षांत हा बदल सगळीकडे पोचतो. त्या पाण्यात ज्या जीवाने कवच बनवले त्याच्या कॅल्शियम कार्बोनेटमध्ये तो उतरतो. दहा मीटर समुद्रपातळीमागे हजारात ०.१ भागापेक्षा जरा कमी, एवढी ही खूण बारीक असते.

पण या वाटेने निघालेला पहिला माणूस समुद्रपातळी शोधत नव्हता. हेरॉल्ड युरी यांना जड हायड्रोजनच्या शोधासाठी १९३४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले होते. १९४६ च्या डिसेंबरात लंडनमध्ये दिलेल्या आणि पुढच्या वर्षी छापून आलेल्या व्याख्यानात त्यांनी गणिताने दाखवले, की पाण्यातून कार्बोनेट तयार होताना त्यात ऑक्सिजन-१८ किती शिरेल हे तापमानावर ठरते. पाणी ० अंशावरून २५ अंशांवर गेले तर हजारात चार-पाच भागांचा फरक पडेल. तेव्हा शिंपला म्हणजे तापमापक! अडचण एवढीच, की एक अंशाचा फरक ओळखायला हजारातल्या एका भागाचा पाचवा हिस्सा मोजता यायला हवा, आणि तेव्हाच्या मास स्पेक्ट्रोमीटरना ते जमत नव्हते. शिकागोमध्ये युरींच्या भोवती जमलेल्या मंडळींनी ते जमवले. जे. एम. मॅक्री यांनी कवचावर फॉस्फोरिक आम्ल ओतून कार्बन डायऑक्साइड मिळवण्याची रीत बसवली. तीच आजही चालते. सॅम्युएल एपस्टाइन आणि सहकाऱ्यांनी ठराविक तापमानाच्या टाक्यांत ठेवलेल्या समुद्री जीवांनी नव्याने घातलेले कवच मोजले आणि १९५३ साली तापमानाचे समीकरण पक्के केले. त्याआधी १९५१ मध्येच स्कॉटलंडच्या स्काय बेटावरचा एक बेलेम्नाइट त्यांनी वर्तुळावर्तुळाने खरवडून मोजला होता. बेलेम्नाइट म्हणजे माकुळाच्या कुळातला, आता नष्ट झालेला प्राणी. त्याचा बंदुकीच्या गोळीसारखा निमुळता कठीण भाग जीवाश्मरूपाने सापडतो. जुरासिक समुद्रातल्या त्या एका प्राण्याने किती उन्हाळे आणि किती हिवाळे पाहिले हे त्यांना मोजता आले. तो साधारण चार वर्षांचा होऊन वसंतात मेला, असा निष्कर्ष त्यांनी काढला. या शाखेतला हा प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. पंधरा कोटी वर्षांपूर्वीच्या एका जिवाचा ऋतू सांगता येतो, हे तोवर कोणाच्या स्वप्नातही नव्हते.

अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिनामधल्या पीडी खडकातला असाच एक बेलेम्नाइट या मापनाचा शून्य ठरला. सगळी मोजमापे त्याच्याशी तुलना करून, दर हजारी फरकाच्या रूपात लिहिली जातात. तो केव्हाच दळून संपला. आता व्हिएन्नात ठरलेल्या संकेताने, दुसऱ्या नमुन्यांच्या आधारे तोच शून्य टिकवून धरला आहे.

यानंतर चेझारे एमिलियानी. बोलोन्यात जन्मलेला आणि शिकलेला हा इटालियन शिकागोत आला आणि त्याने शिंपले सोडून फोरामिनिफेरा हाती घेतले. फोरामिनिफेरा हे एकपेशीय जीव. वाळूच्या कणाएवढे त्यांचे चुन्याचे कवच. काही पृष्ठभागाजवळ तरंगतात, काही तळावर राहतात. मेल्यावर सगळ्यांची कवचे तळाशी पडतात आणि गाळात थरावर थर साचतो, हजार वर्षांत काही सेंटिमीटर. स्वीडनच्या ‘अल्बाट्रॉस’ जहाजाने १९४७-४८ च्या सफरीत, बोरिए कुलेनबर्ग यांनी बनवलेल्या नव्या यंत्राने, या गाळाचे कित्येक मीटर लांबीचे अखंड गाभे वर काढले होते. एमिलियानींनी असे गाभे घेतले, दर काही सेंटिमीटरवरची तरंगत्या जातींची कवचे वेचली, मोजली, आणि १९५५ मध्ये निष्कर्ष छापले. गुणोत्तर एका लयीत खालीवर होत होते. त्यांनी प्रत्येक चढउताराला क्रमांक दिला: आजचा उबदार काळ १, त्यामागचा शेवटचा हिमकाळ २, असे मागे मागे, विषम क्रमांक उबदार काळांचे, सम क्रमांक गार काळांचे. हे क्रमांक आजही जगभर तसेच वापरले जातात. आल्प्समधल्या चार हिमयुगांची जी मांडणी पिढ्यान्‌पिढ्या शिकवली जात होती ती या क्रमांकांपुढे टिकली नाही.

एमिलियानींना ठाऊक होते की आकड्यात बर्फाचाही वाटा आहे. पण हिमयुगातला बर्फ किती हलका होता याचा त्यांचा अंदाज फारच सौम्य होता. त्यामुळे बहुतेक सगळा बदल त्यांनी तापमानाच्या खात्यात टाकला, आणि उष्ण कटिबंधातला समुद्र हिमयुगात सहा अंशांनी गार झाला असे मांडले. त्यावर उत्तर दिले केंब्रिजच्या निकोलस शॅकलटन यांनी. १९६७ चा त्यांचा निबंध लहानसा आहे, आणि त्यातला युक्तिवाद इतका साधा आहे की तो वाचताना आजही आनंद होतो. तळावर राहणाऱ्या फोरामिनिफेरांची कवचे मोजा, असे ते म्हणाले. खोल समुद्राचे पाणी आजच गोठणबिंदूच्या जवळ आहे. हिमयुगात ते आणखी किती गार होणार? मग तळाच्या कवचांतही पृष्ठभागाइतकाच बदल दिसत असेल, तर तो तापमानाचा असूच शकत नाही. तो बर्फाचा. आणि तळाच्या कवचांत तेवढाच बदल दिसत होता. याचा अर्थ, एमिलियानींनी जो आलेख तापमानाचा म्हणून काढला होता तो मुख्यतः बर्फाचा, म्हणजे समुद्रपातळीचा निघाला. तळाची कवचे गाळात मोजकीच असतात. ती पुरावीत म्हणून शॅकलटन यांनी आपले यंत्र अगदी थोड्या नमुन्यावर चालेल असे सुधारून घेतले होते. या शास्त्रात युक्तिवाद आणि यंत्र असे हातात हात घालून चालतात. १९६९ मध्ये डान्सगार्ड आणि हेन्रिक टाउबर यांनी ग्रीनलंडच्या खऱ्या हिमयुगीन बर्फाची मोजमापे घेऊन तेच सांगितले: बदलाचा निदान सत्तर टक्के वाटा बर्फाचा.

पुढची वर्षे भराभर गेली. १९७३ मध्ये शॅकलटन आणि नील ऑपडाइक यांनी पश्चिम पॅसिफिकमधल्या व्ही२८-२३८ या गाभ्यात समस्थानिकांचे चढउतार आणि पृथ्वीच्या चुंबकत्वाची उलटापालट एकत्र वाचली. ती उलटापालट एमिलियानींच्या क्रमांकांतल्या १९ व्या टप्प्यात सापडली, तिचे वय ज्वालामुखी खडकांवरून माहीत होते, आणि समस्थानिकांना अखेर एक कालपट्टी मिळाली. १९७६ मध्ये जेम्स हेज, जॉन इंब्री आणि शॅकलटन यांनी हिंदी महासागराच्या दक्षिण भागातले दोन गाभे तपासले. त्यांतल्या चढउतारांत त्यांना साधारण १ लाख, ४१ हजार आणि २३ हजार वर्षांच्या लयी दिसल्या, आणि या लयी पृथ्वीच्या कक्षेतल्या व अक्षातल्या बदलांशी जुळल्या. अशा बदलांमुळेच हिमयुगे येतात-जातात हे मांडणारे मिलुटिन मिलांकोविच यांचे गणित खरे ठरवणारा पुरावा आपल्याच महासागराच्या तळातून आला, याचा उल्लेख आपल्याकडे जितका व्हायला हवा तितका होत नाही. २००५ मध्ये लोरेन लिसिएकी आणि मॉरीन रेमो यांनी जगभरच्या ५७ गाभ्यांची सांगड घालून ५३ लाख वर्षांचा एकच आलेख तयार केला. या पुस्तकात तो वारंवार येईल.

मग प्रश्न सुटला का? नाही. शॅकलटन यांचा युक्तिवाद बरोबर होता, पण पूर्ण नव्हता. खोल पाणी ‘गोठणबिंदूच्या जवळ’ असले तरी अटलांटिकमध्ये ते अजून दोन-तीन अंश गार व्हायला वाव होता, आणि ते झालेही. हे कळले एका अनपेक्षित साक्षीदाराकडून. समुद्रतळाच्या गाळातल्या कणांमधल्या फटींत हिमयुगाचे पाणी अजून अडकून आहे. ते वर्षानुवर्षे हळूहळू मिसळत असले तरी त्याची खूण पूर्ण पुसलेली नाही. डॅनियल श्राग, जेस अॅडकिन्स आणि सहकाऱ्यांनी १९९६ व २००२ च्या निबंधांत ते मोजले. हिमयुगातला समुद्र आजच्यापेक्षा हजारात साधारण १ भाग जड होता. तळाच्या कवचांत मात्र एकूण बदल साधारण १.७ ते १.८ चा दिसतो. उरलेला वाटा तापमानाचा. एमिलियानींनी तापमानाला फार दिले, शॅकलटन यांनी जरा कमी.

इथे वाचकाने एक आकडा मनात पक्का करावा. तापमान एका अंशाने बदलले तर कवचातले गुणोत्तर हजारात ०.२ ते ०.२५ भागांनी सरकते. तेवढाच बदल समुद्रपातळीमुळे घडायचा तर समुद्र २५ ते ३० मीटर हलावा लागतो. म्हणजे पाण्याच्या तापमानाचा आपला अंदाज एका अंशाने हुकला, तर समुद्रपातळीचा अंदाज २५-३० मीटरांनी हुकतो. केवळ एका कवचावरून समुद्रपातळी इतकी मीटर होती असे कोणी छातीठोकपणे सांगत असेल, तर हा हिशेब त्याच्यापुढे ठेवावा. म्हणूनच कवचाला दुसरे साक्षीदार लागतात, आणि त्यांतले दोन इथे विस्ताराने सांगण्याजोगे आहेत.

पहिला साक्षीदार प्रवाळ. कॅरिबियनमधले अॅक्रोपोरा पाल्माटा हे फांद्यांचे प्रवाळ पाण्याच्या वरच्या काही मीटरांतच जगते. ते १०० मीटर खोलीवर मृतावस्थेत सापडले, तर ते जगत होते तेव्हा समुद्र तिथवर उतरलेला होता, हे उघड आहे. रिचर्ड फेअरबँक्स यांनी बार्बाडोसच्या किनाऱ्याबाहेर छिद्रे पाडून अशी प्रवाळे काढली आणि १९८९ मध्ये मांडले की हिमयुगाच्या शिखरावर समुद्र आजच्यापेक्षा १२१ मीटर खाली होता. पाच मीटर इकडेतिकडे. पुढच्या वर्षी एदुआर बार आणि सहकाऱ्यांनी याच प्रवाळांचे वय युरेनियम-थोरियम पद्धतीने मोजले, आणि वीस हजार वर्षांच्या आसपास कार्बन-१४ चे वय सुमारे साडेतीन हजार वर्षांनी कमी येत होते हेही उघड झाले. फेअरबँक्स आणि रॉबली मॅथ्यूज यांनी १९७८ मध्येच बार्बाडोसच्या वेगवेगळ्या उंचीवरच्या प्रवाळांतले ऑक्सिजन मोजून एका मीटरला हजारात ०.०११ भाग असा दर काढला होता. आपण वर केलेल्या ढोबळ हिशेबापासून तो फार दूर नाही. दोन स्वतंत्र रस्ते एकाच गावाला पोचू लागले. ताहितीच्या प्रवाळांनी तर वितळण्याचा वेगही सांगितला: साडेचौदा हजार वर्षांपूर्वी समुद्र साधारण साडेतीनशे वर्षांत १४ ते १८ मीटर चढला.

प्रवाळालाही आपली अडचण आहे. जमीन स्वस्थ बसत नाही. बार्बाडोस वर उचलले जात आहे, पापुआ न्यू गिनीचे ह्युऑन द्वीपकल्प तर कितीतरी वेगाने. बर्फाच्या ओझ्याखाली खचलेला स्कँडिनेव्हिया अजून वर येतो आहे. मुंबईत १८७० च्या दशकात प्रिन्सेस डॉक खणताना भरतीच्या पातळीखाली मूळ जागी उभी असलेली झाडांची खोडे सापडली. तेव्हापासून समुद्र चढला की जमीन खचली, हा प्रश्न कोणत्याही किनाऱ्यावर विचारावाच लागतो. किनारा नेहमी जमीन आणि समुद्र यांच्यातला फरक सांगतो. समस्थानिक सगळ्या महासागराबद्दल बोलतात. म्हणून दोघांची गरज.

दुसरा साक्षीदार आहे तांबडा समुद्र, आणि या साऱ्या शास्त्रातली सर्वांत देखणी कल्पना मला तिथेच दिसते. हा समुद्र जवळजवळ बंद आहे. उत्तरेला सुएझचा कालवा माणसाने अलीकडे खणला. नैसर्गिक दार एकच, दक्षिणेला बाब-अल-मंदेब. तिथल्या हानिश उंबऱ्यावर पाणी अवघे १३७ मीटर खोल आहे. वर सूर्य तळपतो, पाऊस नाही, नद्या नाहीत. वर्षाला सुमारे दोन मीटर पाणी वाफ होऊन जाते आणि ती तूट एडनच्या आखातातून येणाऱ्या पाण्याने भरून निघते. आता समुद्रपातळी १०० मीटर उतरली की काय होईल? दार अरुंद होते, पाण्याची देवाणघेवाण मंदावते, वाफ मात्र तशीच निघत राहते. आतले पाणी खारट होत जाते आणि त्यातला जड ऑक्सिजन वाढत जातो, उघड्या महासागरापेक्षा कितीतरी पट. हिमयुगाच्या शिखरावर ते इतके खारट झाले की तरंगत्या फोरामिनिफेरांच्या बहुतेक जाती तिथून नाहीशा झाल्या. गाळात त्यांच्या कवचांचे थर तुटलेले दिसतात. मार्क सिडल, एल्को रोहलिंग आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये या उंबऱ्यावरच्या प्रवाहाचे गणित मांडून तांबड्या समुद्रातल्या कवचांवरून समुद्रपातळी काढली. चूक १२ मीटर इकडेतिकडे. महासागरात तापमानाच्या आड दबून जाणारी खूण इथे इतकी मोठी होते की तापमान मागे पडते. निसर्गाने एक प्रचंड मापनपात्र घडवून ठेवले होते; ते ओळखायला मात्र माणसाची नजर लागली.

याच न्यायाने आपल्या समुद्राकडे पाहिले की उलटे चित्र दिसते. अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर इथल्या तरंगत्या कवचांवरून जागतिक समुद्रपातळी काढणे अवघड, कारण इथे मान्सून मध्ये येतो. गंगा-ब्रह्मपुत्रेचे गोडे पाणी उपसागराला हलके करते, अरबी समुद्रावरची कोरडी हवा त्याला जड करते, आणि हिवाळी प्रवाह एकाचे पाणी दुसऱ्यात आणून सोडतो. जाँ-क्लोद द्युप्लेसी यांनी १९८२ मध्ये उत्तर हिंदी महासागरातला हा फरक दाखवला. १९९० मध्ये ए. सरकार, आर. रमेश आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये लिहिले की गेल्या हिमयुगात हिवाळी मान्सूनचा प्रवाह आजच्यापेक्षा जोमदार होता. म्हणजे जो गोंधळ समुद्रपातळीच्या शोधात अडथळा ठरतो, तोच आधी जागतिक बर्फाचा वाटा वजा केला की मान्सूनचा इतिहास होतो. आपल्याकडच्या प्रयोगशाळांनी या कामात जी चिकाटी दाखवली तिला या पुस्तकात स्वतंत्र प्रकरण दिले आहे.

प्रत्यक्ष बुडालेल्या किनाऱ्याचा पुरावा मात्र आपल्या दारात आहे. मुंबईच्या पश्चिमेला समुद्रबूड जमीन फार रुंद आहे. तिच्या बाहेरच्या भागातल्या पठाराला खलाशांच्या नकाशांत ‘फिफ्टी फॅदम फ्लॅट’ म्हणतात; पन्नास फॅदम म्हणजे ९० मीटरांहून थोडे अधिक. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या आर. आर. नायर आणि सहकाऱ्यांनी तिथे चुन्याचे गोल दाणे आणि किनाऱ्यावर बनणारा वालुकाखडक शोधला. असे दाणे लाटांनी ढवळलेल्या उथळ पाण्यातच बनतात. त्याच संस्थेच्या एन. एच. हाशिमी आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये पश्चिम किनाऱ्याचा आलेख मांडला: साडेचौदा हजार वर्षांपूर्वी समुद्र १०० मीटर खाली, सात हजार वर्षांपूर्वी जवळपास आजच्या ठिकाणी. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर आंग्रिया बँक आहे. कान्होजी आंग्र्यांचे नाव मिळालेले हे प्रवाळक्षेत्र आज पाण्याखाली वीसेक मीटरवर आहे. हिमयुगाच्या शिखरावर ते पाण्याबाहेर असणार, हे सांगायला आता वेगळा पुरावा लागत नाही.

याहून मागच्या काळात गेलो की वाट बिकट होते. कवच जितके जुने तितकी ते गाळात पुन्हा स्फटिकरूप घेऊन आपली मूळ खूण गमावण्याची शक्यता अधिक. क्रिटेशस आणि इओसीन काळातला उष्ण कटिबंध कवचांवरून संशयास्पदरीत्या गार दिसत होता. २००१ मध्ये पॉल पिअर्सन आणि सहकाऱ्यांनी टांझानियातल्या चिकणमातीत काचेसारखी स्वच्छ राहिलेली कवचे मोजली, तेव्हा समुद्र उबदारच होता हे दिसले. आधीची कवचे तळाच्या गार पाण्यात बदललेली होती. ३.४ कोटी वर्षांपूर्वी तळाच्या कवचांत हजारात एकाहून अधिक भागाची उडी दिसते, आणि ती अंटार्क्टिकावर बर्फ बसल्याची आहे याबद्दल आता दुमत नाही. बर्फ किती आणि गारठा किती याची वाटणी करायला कवचातल्या मॅग्नेशियम आणि कॅल्शियम यांचे, तापमानाबरोबर बदलणारे प्रमाण मदतीला येते. जॉन आयलर यांनी कॅल्टेकमध्ये विकसित केलेली गुच्छ-समस्थानिकांची पद्धत आणखी पुढे जाते. कार्बोनेटमधला जड कार्बन आणि जड ऑक्सिजन एकमेकांशेजारी किती वेळा बसतात हे ती पाहते. पाण्याचे गुणोत्तर ठाऊक नसतानाही ती तापमान सांगते, आणि इथे दोन साक्षी तत्त्वतः वेगळ्या होतात. नमुना बराच लागतो, त्यामुळे बारीक कवचांवर तिचा उपयोग अजून मर्यादित आहे.

आजच्या चिंतेशी याचा संबंध मी मुद्दाम शोधत नाही. तो आपोआप येतो. तीस-बत्तीस लाख वर्षांपूर्वी हवेतला कार्बन डायऑक्साइड दहा लाखांत ४०० भागांच्या आसपास होता, जवळजवळ आजच्याइतका. तेव्हा समुद्र किती वर होता? समस्थानिकांचे अंदाज एकमेकांपासून दहा-वीस मीटरांनी लांब पडतात. का, ते वरच्या एक-अंशाच्या हिशेबावरून कळेल. २०१९ मध्ये मायोर्का बेटावरच्या आर्ता गुहांतून वेगळी साक्ष आली. समुद्राशी जोडलेल्या गुहेतल्या पाण्याच्या काठावर लवणस्तंभांभोवती चुन्याचे जाड कडे बसते, आणि त्याचे वय युरेनियम-शिसे पद्धतीने काढता येते. त्यावरून ३२.७ लाख वर्षांपूर्वी समुद्र सुमारे १६ मीटर वर असल्याचे दिसते. हा आकडाही अंतिम नाही. पण मुंबईची किंवा पणजीची उंची ज्याला माहीत आहे त्याला तो वाचून थांबावेसे वाटेल.

पुस्तकातल्या आलेखांविषयी एक सूचना. या क्षेत्रात उभी अक्षरेषा उलटी काढण्याचा प्रघात आहे: ऑक्सिजन-१८ चे मोठे आकडे खाली, लहान वर. त्यामुळे रेषा वर गेली की काळ उबदार, बर्फ कमी, समुद्र चढलेला; खाली गेली की उलट. काळ बहुतेक आलेखांत डावीकडे आजपासून सुरू होऊन उजवीकडे मागे जातो. जिथे उभ्या रेषेवर मीटर लिहिलेले आहेत तिथे रेषेभोवतीचा करडा पट्टा आधी पाहावा आणि रेषा नंतर. पट्टा जिथे रुंद आहे तिथे दोन साक्षी अजून पुरत्या वेगळ्या झालेल्या नाहीत.